७ कोंबड्यांवरून ४० वर जायचंय, पण मे महिन्याची भीती वाटते

वाघूरकाठची (१६ जानेवारी)

नमस्कार मंडळी, जामनेर तालुक्यातून लिहितेय. घरामागे साधारण गुंठाभर मोकळी जागा आहे, एक मोठा कडुलिंब, शेवग्याची दोन झाडं, एका अंगाला म्हशीचा गोठा. सध्या ६ गावठी कोंबड्या अन् १ कोंबडा आहे. अंडी घरात पोरांना पुरतात, वर आठवड्याला आठ-दहा उरतात ती गल्लीतच जातात, आणि मागणी इतकी आहे की बायका आधी सांगून ठेवतात. म्हणून ४० पर्यंत वाढवायचं मनात आहे, बचत गटातून थोडे पैसे मिळतील.

पण मागच्या वर्षीचं सांगते म्हणजे माझी भीती कळेल. तेव्हा माझ्याकडे ८ होत्या. दिवाळीनंतर आठवडे बाजारातून १० तलंगा (अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) आणल्या, दिसायला चांगल्या टवटवीत होत्या, त्याच रात्री आपल्याच खुराड्यात सोडल्या. सहाव्या दिवशी एक मान टाकून बसली, हिरवट पातळ हगवण. मग दुसरी, मग आपल्या घरच्या. माझी जुनी रंगी कोंबडी होती, तिची मान अशी पिरगळली की चोच वर आभाळाकडे झाली, ती दाणा टिपायला जायची अन् परातीच्या दोन बोटं बाजूला जमिनीवर चोच मारायची, पुन्हा प्रयत्न करायची, पुन्हा तेच. दोन दिवस मी तिला हाताने भरवलं. ९ दिवसात १८ पैकी १५ गेल्या. ज्या ३ राहिल्या त्यांच्यावरच आता पुन्हा ७ झाल्यात.

तर विचारायचं हे की ४० एकदम घ्याव्यात की हळूहळू? कुठली जात? आणि आमच्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली एवढ्या कोंबड्या वाचतील का?

तापीतीर (१६ जानेवारी)

ताई ४० मध्ये काही भागत नाही, करायचंच तर ५०० चं शेड टाका. लोन मिळतं, माणूस ठेवा, अंडी थेट जळगावला पाठवा. माझ्या मेव्हण्याने टाकलंय शेड, बरं चाललंय त्याचं.

पांझराकाठ (१६ जानेवारी)

तापीतीर दादा, ५०० चं शेड हा वेगळा धंदा आहे, त्यात कोंबडी बाहेर फिरत नाही, सगळा दाणा विकतचा. बंदिस्त कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते म्हणजे ५०० ला रोजचे ५५-६० किलो धरा, अंडं विको न विको. ताईंना परसातलं वाढवायचंय, तिथे कोंबडी निम्मं-अर्धं पोट स्वतःच्या पायाने भरते, वरून ४०-५० ग्रॅम दिलं तरी चालतं. पण एक गुंठ्यात ४० सोडल्या तर सहा महिन्यात गवताची काडी राहणार नाही अन् किडेही संपतील, मग त्यांना पूर्ण दाणा लागतो. हा हिशोब कोणी सांगत नाही. माझ्याकडे ६० आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या कोंबड्या) आहेत धुळ्याजवळ, शेतात खळ्यावर, तरी मला रोज साडेचार-पाच किलो दाणा लागतो.

माझं मत सांगू का, २० ने सुरुवात करा. एक उन्हाळा अन् एक पावसाळा बघा, मग पुढचं ठरवा.

गुराढोरांचे_नाना (१७ जानेवारी)

ताई, तुम्ही जे वर्णन केलंय, हिरवी हगवण, मान टाकणं, मान पिरगळणं, ती मानमोडीची म्हणजे राणीखेतची लक्षणं. मी ३१ वर्षं धुळे जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता रिटायर आहे. माझ्या नोकरीत परसातल्या जेवढ्या कोंबड्या मेलेल्या पाहिल्या त्यातल्या बहुतेक या एकाच रोगाने गेल्या, आणि सगळ्यात वाईट हे की याला औषध नाही. विषाणू आहे. एकदा शिरला की अँटिबायोटिक देऊन काही होत नाही, लोक मेडिकलमधून कॅप्सूल आणून फोडून पाजतात, पैसे जातात. लस मात्र पक्की आहे, स्वस्त आहे, अन् तीच कोणी देत नाही.

का देत नाही ते पण सांगतो, कारण इथे लोकांना आळशी म्हणून चालणार नाही. लसीची व्हायल शंभर-दोनशे डोसच्या खाली सहसा मिळत नाही. घरात कोंबड्या ७. एकदा व्हायल फोडून पाण्यात कालवली की दोन तासात संपवायची, दुसऱ्या दिवशी ती निकामी. शिवाय दवाखान्यापासून घरापर्यंत २ ते ८ डिग्रीत आणायची, मोटरसायकलच्या डिक्कीत टाकून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. तर ७ कोंबड्यांचा माणूस १०० ची व्हायल का आणेल? म्हणून कोणीच आणत नाही, आणि गल्लीतल्या एकाच्या कोंबड्या आजारी पडल्या की सगळ्यांच्या जातात, कारण तुमचं कुंपण तुम्हाला दिसतं, कोंबडीला नाही. चिमण्या, कावळे, चपला, पोरांचे पाय, सगळ्यातून फिरतं हे.

म्हणून माझं म्हणणं, ४० कोंबड्या करायच्या आधी तुमच्या गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या मोजा. तुमच्या ७ नाही, सगळ्यांच्या. शंभर भरल्या की एक व्हायल आणा अन् एकाच पहाटे सगळ्यांना द्या. हे केलं नाही तर २० काय अन् ४० काय, मागच्या वर्षीचं पुन्हा होईल.

वेळापत्रक साधं आहे. पिल्लाला ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, डोळ्यात एक थेंब. दोन आठवड्यांनी गंबोरो रोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा परत. सहा-आठ आठवड्यात देवीची, पंखाच्या पडद्यात. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी, ती पण राणीखेतचीच पण इंजेक्शनची, त्याआधी आठवडाभर जंताचं औषध दिलेलं असावं. मोठ्या कोंबड्यांना काय द्यायचं ते तुमच्या दवाखान्यात दाखवून ठरवा, अंड्यावरच्या कोंबडीला आर-टू-बी दिली तर काही दिवस अंडी कमी होतात हे धरून चाला. आजारी दिसणाऱ्या कोंबडीला लस देऊ नका.

अन् बाजारातली कोंबडी थेट खुराड्यात कधीच नाही. निदान २१ दिवस लांब, वेगळं भांडं, वेगळं पाणी, आणि आधी घरच्यांना दाणा टाकायचा मग नवीनला, उलटं नाही.

वाघूरकाठची (१७ जानेवारी)

नाना, हे वाचून खरंच पोटात कालवलं. म्हणजे रंगी वाचली असती. आमच्या गल्लीत तेव्हा अजून चार घरच्या गेल्या होत्या अन् मला वाटायचं की मीच बाजारातून आणलं म्हणून, कोणाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. गल्ली मोजते उद्या.

सातपुडा_पायथा (१८ जानेवारी)

आमच्या चोपड्याकडे वरच्या पाड्यांवर घरटी दहा-पंधरा गावठी असतात, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला कोंबडे विकून घरच्या बाया कपडालत्ता करतात, म्हणजे कोंबडी हा तिथे बायांचा स्वतःचा पैसा असतो, नवरा त्याला हात लावत नाही. हे तुमचं पण तसंच होवो.

जातीचं म्हणाल तर मी गावठी सोडू नका म्हणेन. अंडी वर्षाला साठ-सत्तर देते, बरोबर, पण ती अंडी उबवायला खुडूक बसते, पिल्लं काढते, घार दिसली की एक आवाज देऊन सगळ्यांना पंखाखाली घेते. आरआयआर अन् ग्रामप्रिया अंडी देतील भरपूर पण बसायचं विसरलेल्या आहेत त्या. तुम्ही आरआयआरची फळलेली अंडी आणून गावठीखाली ठेवा. इन्क्युबेटरही नको, पिल्लांना ऊब द्यायला ब्रूडरचा बल्बही नको, लाईट गेली तरी फिकीर नाही. आमची आजी अहिराणीत म्हणायची, कोंबडीले सावली अन् पानी दे, पिल्लं ती सोता देखी लेस.

हे काम आत्ताच करा, जानेवारी-फेब्रुवारीत. मार्चच्या पुढे आपल्याकडे अंडं घरातच गरम होतं, आत जीव अर्धवट वाढायला लागतो अन् मरतो, मग कोंबडी २१ दिवस बसून दोन पिल्लं निघतात.

केळीबाग_यावल (१८ जानेवारी)

कडकनाथ पण विचारात घ्या की, भाव चांगला आहे.

पांझराकाठ (१८ जानेवारी)

कडकनाथ पक्षी चांगला आहे, झाबुआचा, त्याला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. पण अंड्यासाठी नाही. आणि माझा अनुभव सांगतो, मी पण एका कंपनीच्या स्कीममध्ये पैसे भरले होते, पिल्लं आम्ही देऊ, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ असं लेखी दिलं होतं. दोन महिने घेतली, मग फोन उचलणं बंद. माझ्याकडे अंडी साठत गेली, आसपास त्या भावाने कोण घेणार. ज्याचं गिऱ्हाईक आपल्या गावात नाही तो पक्षी मी आता पाळत नाही. ताईंचं गिऱ्हाईक गल्लीत आहे, तेच मोठं भांडवल आहे.

ग्रामप्रियाबद्दल एक, ती अंड्याला चांगली आहे, परसातही १८० च्या आसपास देते, पण तो संकर आहे, तिच्या अंड्यातून निघालेली पुढची पिढी तशी निघत नाही, दरवेळी पिल्लं विकत आणावी लागतात. आरआयआर किंवा ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प शुद्ध जाती आहेत, घरी पिल्लं काढता येतात. ताई तुम्हाला हवी तर माझ्याकडची ३५ अंडी देतो, ८ कोंबड्यांमागे १ कोंबडा आहे माझ्याकडे त्यामुळे फळलेली असतात. एसटीने पाठवतो. आल्यावर लगेच कोंबडीखाली ठेवू नका, निमुळतं टोक खाली करून एक दिवस थंड जागी पडू द्या, प्रवासात आतलं हललेलं असतं. धुवायची अजिबात नाहीत.

केळीबाग_यावल (१९ जानेवारी)

बरं पटलं. मग उन्हाळ्याचं मी सांगतो, त्यात माझं बरंच शिकून झालंय, दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ११ कोंबड्या गेल्या होत्या.

कोंबडीला घाम येत नाही. उन्हात ती मुख्यतः तोंड उघडून धापा टाकून आतली उष्णता बाहेर काढते, आणि हवाच ४५ ची असली तर बाहेर काढणार कुठे. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साईड जास्त निघून जातो, त्याने कवच नीट बनत नाही, म्हणून एप्रिल-मे मध्ये अंडी पातळ कवचाची येतात, बोट लावलं की पिचकतात. लोक मग शिंपल्याचा चुरा वाढवतात, द्यायचाच तो, पण मूळ दुखणं उन्हाचं आहे.

मी काय केलं ते सांगतो. पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले, वर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या अन् त्यावर केळीची वाळकी पानं, फक्त वायरपासून लांब ठेवा, पऱ्हाटी पेटायला वेळ लागत नाही. पश्चिमेच्या जाळीला बारदान लावलं, दुपारी दोन-तीनदा भिजवतो. आत पाणी शिंपडत नाही, खाली अंथरलेलं तूस ओलं झालं की दुसरं दुखणं. सगळ्यात महत्वाचं पाणी. त्या ११ गेल्या तेव्हा पाण्याचं भांडं भरलेलंच होतं. मी हात घातला तर चटका बसला. काळ्या टाकीतून आलेलं, काळ्या पाईपातून, प्लॅस्टिकच्या भांड्यात उन्हात. कोंबडी ते पीत नाही, भांड्याशेजारी तहानेने मरते. तेव्हापासून माठातलं पाणी मातीच्या परळात, सावलीत, चार ठिकाणी. दाणा पहाटे अन् संध्याकाळी सहा नंतर, दुपारी पोट भरलेलं नसावं, पचवताना अंग अजून तापतं. दुपारी १२ ते ४ खुराड्यात जाऊन त्यांना उठवायचं नाही, पकडायचं तर नाहीच.

अजून एक, केळीचं खोड. घड काढल्यावर खोड पडूनच असतं, हात-हातभर तुकडे करून उभे चिरून सावलीत टाकतो, आत पाणीच पाणी असतं, थंड लागतं, कोंबड्या त्यावर छाती टेकून बसतात अन् टोचत राहतात.

नवापूरकर (२० जानेवारी)

धागा चांगला चाललाय, एक गोष्ट घालतो. मी नवापूरचा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला तो आमच्याकडे. मी तेव्हा शाळेत होतो. पोल्ट्रीवाल्यांचं बोललं जातं, पण ठरलेल्या अंतरातल्या परसातल्या कोंबड्या पण नेल्या होत्या, आमच्या घरच्या पण. पांढरे कपडे घातलेली माणसं दारात आलेली अजून आठवतात. अंगणात सकाळी काहीच आवाज नव्हता, ते मला फार लागलं होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच.

सांगायचं एवढंच की एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर उघड्या हाताने उचलू नका, उकिरड्यावर किंवा नाल्यात फेकू नका, आणि मरायला टेकलेली कापून खायचं हे तर बंदच करा. दवाखान्यात कळवा. लोक कळवत नाहीत कारण वाटतं सगळ्यांच्याच नेतील. पण लपवलं की ते पुढच्या गावाला जातं.

वाघूरकाठची (२६ जानेवारी)

गल्ली मोजली. १३ घरं, ११८ कोंबड्या!! मला वाटलं होतं पन्नास असतील. दोन घरं नाही म्हणाली, लस दिली की कोंबडी मरते म्हणे. त्यांच्या घरी सासूबाईंना घेऊन गेले, त्यांनी रंगीची गोष्ट सांगितली, मग एक तयार झालं. दवाखान्यातून तारीख घेतलीय.

पांझराकाठ दादांची अंडी आली, ३५ पैकी २ फुटलेली, ३३ ठेवली. दोन कोंबड्या खुडूक होत्याच, तिसरी काल बसली. प्रत्येकीखाली ११. टोपलीत राख, त्यावर तूस, वर जुन्या सुती साडीचा तुकडा. उद्यापासून दिवस धरते.

गुराढोरांचे_नाना (२६ जानेवारी)

छान. बसलेल्या तिघींना लसीसाठी उठवू नका, त्यांचं नंतर बघू. बाकीच्यांना पहाटे खुराडं उघडायच्या आधी द्या, एकदा मोकळ्या सुटल्या की दिवसभर मागे पळाल. थर्मासमध्ये बर्फ, व्हायल बर्फात, उन्हात धरायची नाही. डोळ्यात थेंब टाकला की तिने डोळा मिटेपर्यंत धरून ठेवा, मिटला म्हणजे आत गेलं.

आणि सातव्या दिवशी रात्री अंधारात अंड्याच्या मागे मोबाईलचा टॉर्च लावा. कोळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव आहे. नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर ते काढा, नाहीतर आत सडून फुटतं अन् सगळ्या टोपलीला वास लागतो.

वाघूरकाठची (३ फेब्रुवारी)

आज रात्री पाहिलं. पोरगी टॉर्च धरून, मी अंडं धरून. पहिल्याच अंड्यात मधे एक काळा ठिपका अन् त्याच्याभोवती शिरा, आणि तो ठिपका हलत होता!! आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच बसून राहिलो. ३३ पैकी २९ फळलेली.

लस पण झाली काल. पहाटे साडेपाचला निघालो, मी, दवाखान्यातले एक दादा, गटातल्या दोघीजणी. ९७ कोंबड्यांना दिली. सात वाजता शेवटचं घर. ज्या घराने नाही म्हटलं होतं ती बाई दारात उभी राहून बघत होती, मग म्हणाली माझ्या पण चार आहेत त्यांना टाका. १०१.

पांझराकाठ (४ फेब्रुवारी)

१०१ ही लय भारी गोष्ट केली ताई. आता दाण्याबद्दल माझी चूक ऐकून ठेवा. आपल्याकडे सरकी ढेप घरोघर असते म्हशीसाठी. मी सुरुवातीला तीच कोंबड्यांच्या दाण्यात कालवली, प्रोटीन आहे ना म्हणून. अंडी कमी झाली. मग गिऱ्हाईक सांगायला लागले की पाच-सहा दिवस ठेवलेल्या अंड्यातला बलक हिरवट-तपकिरी निघतोय. मला वाटलं रोग आहे. नंतर कळलं सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, जनावराला रवंथामुळे थोडंफार चालतं, कोंबडीला नाही. तुमच्या गोठ्याशेजारीच कोंबड्या आहेत, ढेपेचं पोतं झाकून ठेवा.

बुरशी लागलेला मका, जुनी शेंगदाण्याची पेंड पण नको, मूठभर काळपट मक्याने माझी ४ पिल्लं गेली होती. पिल्लांना पहिले सहा-आठ आठवडे चिक स्टार्टरच (पिल्लांचा तयार दाणा) द्या, तिथे पैसे वाचवू नका. नंतर बाजरी, दादर ज्वारीचा भरडा, शेवग्याचा पाला, आणि उधई म्हणजे वाळवी. फुटक्या मडक्यात ओलं शेण अन् बारदानाचा तुकडा भरून संध्याकाळी वारुळाजवळ पालथं घालायचं, सकाळी भरलेलं असतं, पिल्लं तुटून पडतात.

वाघूरकाठची (१९ फेब्रुवारी)

निघाली! दोघींची काल-परवा, तिसरीची आज निघतायत. एकूण २६ होतील असं दिसतंय. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी अन् मक्याचा बारीक भरडा दिला. एका कोंबडीने दुसरीचं एक पिल्लू पण आपल्यात घेतलंय.

सातपुडा_पायथा (१९ फेब्रुवारी)

रात्री डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) झाका अन् वर दगड ठेवा. मुंगूस दोन बोटांच्या फटीतून शिरतो, एक खायला येतो अन् दहा मारून जातो. षटकोनी जाळी कुत्रं तोंडाने फाडतं, खाली दोन फूट तरी वेल्डमेशची (जोडलेल्या तारांची) जाळी लावा, वीतभर जमिनीत गाडा. घारीसाठी मोकळ्या जागेत तुरीच्या दोन ओळी लावा, पिल्लं पळून त्याखाली लपतात. एरंडी नको लावू कुंपणाला, बी विषारी असतं.

वाघूरकाठची (२३ मे)

बरेच दिवस लिहिलं नाही, उन्हाळ्याने जीव काढला. भुसावळला ४६ झाल्याचं पेपरात होतं, आमच्याकडे वेगळं काय असणार. २६ पैकी ३ पिल्लं गेली, एक घारीने नेलं, दोन मुंगसाने, जाळी लावायला मीच आठ दिवस उशीर केला. २३ चांगली आहेत, पण त्यात ११ कोंबडे निघाले.

पत्र्यावर चुना, पऱ्हाट्या, माठ, सगळं केलं यावलच्या दादांनी सांगितलं तसं. खोडं पण आणली एका ओळखीच्या बागेतून. तरी परवा एक गेली. गावठीच, अंगाने भरलेली, मागच्या वर्षीच्या तिघींपैकी एक. साडेतीनला बघितलं तर पंख शरीरापासून दूर धरून, चोच उघडी, तुरा काळपट पडलेला. उचलून ओल्या बारदानावर ठेवली, पाणी चोचीला लावलं, दोन घोट घेतले तिने, मग मान माझ्या मनगटावर टेकवली. अंग इतकं गरम होतं की हाताला लागत होतं.

बाकी सगळ्या ठीक. पण अजून दहा-बारा दिवस काढायचेत.

केळीबाग_यावल (२३ मे)

वाईट वाटलं ताई. भरलेली, वयाची कोंबडीच आधी जाते, चरबी उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तुम्ही काही कमी केलं नाही. पुढचे दिवस दुपारच्या पाण्यात गूळ अन् चिमूटभर मीठ टाका, किंवा इलेक्ट्रोलाईटची पुडी. रात्री पण पाणी भरलेलं असू द्या, आपल्याकडे रात्री दहापर्यंत झळा असतात.

गुराढोरांचे_नाना (२४ मे)

कोंबडे ११ आहेत ते ठेवू नका, दोन चांगले ठेवून बाकीचे आषाढात विका, तेव्हा मागणी असते, श्रावण लागला की भाव पडतो. एवढे कोंबडे एकत्र वाढले तर तलंगांच्या पाठीची पिसं राहत नाहीत. आता पावसाळ्याचं बघा. तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण येते, लहान पिल्लांना जास्त, पण नंतरही येऊ शकते. रोज खालवर करा, चुन्याची फक्की मारा, पाण्याच्या भांड्याखाली विटा ठेवा म्हणजे सांडलेलं तुसात जात नाही. मातकट-लाल हगवण दिसली की थांबू नका, त्याला औषध आहे, मानमोडीसारखं नाही हे, पण दोन दिवसात द्यावं लागतं.

वाघूरकाठची (११ ऑगस्ट)

आज पहिलं तांबूस अंडं! आरआयआरचं. लहान होतं, गावठीपेक्षाही जरा लहान, एका टोकाला रक्ताची बारीक रेघ होती, घाबरले, पण नानांना फोटो दाखवला तर म्हणाले पहिल्यांदा असं असतं. पोरीने ते फ्रीजमध्ये ठेवू दिलं नाही, देव्हाऱ्यापुढे ठेवलंय.

९ कोंबडे आषाढात गेले, त्या पैशात वेल्डमेश अन् चार खोकी अंड्यांसाठी झाली, पाच कोंबड्यांमागे एक या हिशोबाने. जुना गावठी कोंबडा धरून आता कोंबडे ३. अंड्याच्या म्हणाल तर १२ तलंगा अन् ५ गावठी, १७. चाळीस नाही झाल्या, अन् या वर्षी करणार पण नाही, परसात आत्ताच कोपऱ्यातलं गवत संपायला लागलंय. दिवाळीनंतर अजून दोन कोंबड्यांखाली अंडी ठेवेन.

गल्लीत या पावसाळ्यात मानमोडी आली नाही. शेजारच्या वाडीत आली होती. दुसरी लस परवा झाली, या वेळी १४ घरं होती, आणि व्हायलचे पैसे लोकांनी आपणहून गोळा केले.

एक विचारायचं होतं, थंडीत अंडी कमी होतात तेव्हा बल्ब लावावा का?

पांझराकाठ (११ ऑगस्ट)

अभिनंदन ताई!! कोंबडीला अंड्यासाठी १४ ते १६ तास उजेड लागतो, डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. मी पहाटे चारला एक छोटा पिवळा एलईडी टायमरवर लावतो, संध्याकाळी नाही, कारण संध्याकाळी एकाएकी बंद झाला की त्या दांडीवर न बसता जमिनीवरच राहतात. पण गावठींना लावू नका, त्यांना विसावा घेऊ द्या, म्हणजे जानेवारीत खुडूक बसतील अन् तुमची पुढची पिल्लं निघतील.

वाघूरकाठची (११ ऑगस्ट)

मग दोन वेगळी खुराडी करावी लागतील. पऱ्हाट्या काढल्या की दुसरं उभं करते, कडुलिंबाच्या पूर्वेला, तिकडे दुपारनंतर सावली असते.

सातपुडा_पायथा (१२ ऑगस्ट)

पूर्वेला नक्की, पण पालापाचोळा पडतो म्हणून पत्र्याला उतार जास्त ठेवा. आणि दारं समोरासमोर येऊ देऊ नका, कोंबडे दिवसभर जाळीतून भांडत बसतील.